बाळ झालं की पाळीचं दुखणं थांबतं म्हणे, मग स्थळाला हो म्हणू का?

पत्र एका २४ वर्षांच्या मुलीचं आहे, नाव-गाव काढून थोडक्यात देतेय. सातवीत पाळी आली तेव्हापासून पहिले दोन दिवस प्रचंड दुखतं, उलट्या होतात, कंबर आणि मांड्या भरून येतात, कॉलेजात असताना एकदा बसस्टॉपवर चक्कर येऊन पडली होती. आता नोकरी लागलीये, दर महिन्याला एक-दोन रजा जातात, साहेब काही बोलत नाहीत पण रजेचा अर्ज बघून हसतात. पोटाची सोनोग्राफी दोनदा झाली, दोन्ही नॉर्मल. घरचे डॉक्टर म्हणाले, लग्न होऊ दे, एक मूल झालं की आपोआप थांबेल. आजी म्हणते बाळंतपणात नसा मोकळ्या होतात. आई म्हणते माझंही तसंच होतं, तू झालीस आणि दुखायचं थांबलं. मुलीला अजून दोन वर्षं लग्न नकोय, पण एक चांगलं स्थळ आलंय आणि आत्या रोज फोन करतेय. तिचा प्रश्न असा: "ताई, इलाजच तोच असेल तर होकार देऊन मोकळी होऊ का? की हे सगळं थोतांड आहे? आणि आत्याला काय सांगू?"

---

आधी आजीचं बघू. 'थोतांड' हा शब्द जरा मागे घे, कारण आजी बोलतेय त्यात खरंच काहीतरी आहे. मी डॉक्टर नाही हे आत्ताच सांगून टाकते, बावीस वर्षं कॉलेजात झूलॉजी शिकवलीये, त्यामुळे उंदीर आणि गिनीपिगच्या गर्भाशयांबद्दल मला जरा जास्तच माहिती आहे. त्या बाजूने जेवढं सांगता येईल तेवढं सांगते, औषधांचं शेवटी डॉक्टरांनाच विचारायचं.

आपल्याकडे एक घोळ आहे, रक्ताची शीर असली तरी आपण नस म्हणतो आणि मेंदूचे निरोप नेणारा-आणणारा मज्जातंतू असला तरी नसच म्हणतो. मी बोलतेय ते दुसरीबद्दल. आपण धरून चालतो की नसा म्हणजे घरातलं वायरिंग, एकदा भिंतीत गेलं की गेलं, आता घर पाडेपर्यंत ते तिथेच. बाकी शरीरात बऱ्यापैकी तसंच असतं, पण गर्भाशयात नाही. लॅबमधली उंदरीण घे, तिचं चक्र चार-पाच दिवसांचं. इस्ट्रोजेन हे मादीचं हॉर्मोन चढलं की तिच्या गर्भाशयातल्या सिंपथेटिक नसांची, म्हणजे आपल्या नकळत अवयव चालवणाऱ्या नसांची, टोकं झडतात आणि ते उतरलं की परत पालवी फुटावी तशी फुटतात, म्हणजे महिन्याभरात सहा-सात वेळा पानगळ आणि सहा-सात वेळा पालवी. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या पीटर स्मिथ यांच्या लॅबने १९९० च्या दशकात हे नीट मोजून दाखवलं. मी हे वर्गात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं होतं, मॅडम मग आपलंही असंच होतं का. आपल्यात दर महिन्याला एवढा मोठा फेरफार होतो असं काही मी सांगणार नाही, पण गरोदरपणात जे होतं ते बघ.

स्वीडनमध्ये लुंडच्या संशोधकांनी १९६० आणि ७० च्या दशकांत गिनीपिगवर हे बरंच तपासलं. दिवस भरत आले की गर्भाशयाच्या भिंतीतलं नॉरअ‍ॅड्रेनलीन, म्हणजे या नसा ज्या रसायनाने निरोप देतात ते, जवळजवळ नाहीसं होतं, कारण नसाच वाळून जातात. बाळंतपणानंतर त्या परत येतात, पण सावकाश, कित्येक महिने उलटले तरी पूर्वीइतक्या दाट होत नाहीत. बायकांमध्येही दिवस भरलेल्या गर्भाशयाच्या भिंतीत नसा फार विरळ दिसतात. म्हणजे "नसा मोकळ्या होतात" हे आजीचं वाक्य, शब्द थोडे इकडेतिकडे केले तर, मायक्रोस्कोपखाली दिसतंच.

आता तू विचारशील की नसाच नाहीत तर बाळंतकळा कशाला येतात. गर्भाशय आवळायला नसांचा हुकूम लागत नाही, ते काम ऑक्सिटोसिन आणि प्रोस्टाग्लँडिन ही शरीरातच बनणारी रसायनं करतात, आणि दुखतं ते बरंचसं गर्भाशयाच्या तोंडाशी आणि त्याच्या खाली, जिथल्या संवेदना नेणाऱ्या नसा जागेवरच असतात आणि तो भाग ताणला जातो. वरचा मजला रिकामा, खालचा भरलेला, असं समज.

हॉर्मोन हे करतो कसा, हा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल, सहन कर. हॉर्मोन नसेला थेट "जा" म्हणतो असं फारसं नसतं, तो अवयवाला सांगतो आणि अवयव नसेचा खुराक कमी-जास्त करतो. या खुराकाचा शोध रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांचा. इटलीत ज्यूंवर बंदी आली तेव्हा या बाईंनी तुरिनमध्ये घरी झोपायच्या खोलीत लॅब थाटली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भांवर नसा कशा जगतात-मरतात ते बघत बसल्या, पुढे अमेरिकेत त्यातूनच एनजीएफ नावाचं प्रोटीन सापडलं आणि १९८६ चं नोबेल त्यांना आणि स्टॅनली कोहेन यांना मिळालं. अवयवाने हा खुराक दिला तर नस टिकते, वाढते, नाही दिला तर मागे हटते.

आणि हे जन्माच्या आधीपासून चालतं. उंदरांच्या गर्भात नर आणि मादी दोघांच्याही दुधाच्या ग्रंथीत आधी नसा शिरतात, मग नर पिल्लाचं टेस्टोस्टेरॉन सुरू झालं की त्या ग्रंथीच्या भोवतालचा भाग एक खोटा रिसेप्टर, म्हणजे रसायन पकडणारा खोटा खाचा, बनवायला लागतो, जो नसेचा खुराक, इथे एनजीएफसारखंच बीडीएनएफ नावाचं प्रोटीन, नुसता पकडून ठेवतो आणि पुढे काहीच करत नाही, पंगतीत कोणी पानावरचं वाढलेलं उचलून खिशात घालावं तसं. नस उपाशी, मागे फिरली. मादीत हे होत नाही, नसा राहतात. हे २०१२ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड गिंटी यांच्या लॅबने दाखवलं. मणक्यातही तसंच: नर उंदरात लिंगाच्या मुळाशी असलेल्या स्नायूंना चालवणाऱ्या साधारण २०० पेशी असतात आणि मादीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, कारण मादीत टेस्टोस्टेरॉन नसल्याने जन्माच्या सुमारास बऱ्याचशा मरून जातात. तर सांगायचा मुद्दा, आपल्या खालच्या भागातलं वायरिंग हॉर्मोनच टाकतं, तेच काढतं, आयुष्यभर.

(इथे चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांसाठी एक वाक्य, कारण तशी पत्रंही बरीच येतात: पाळी गेल्यावर योनीत आग होते, चुरचुरतं, संबंध नकोसे वाटतात, आणि तपासणीत "काही नाही" म्हणतात, त्यालाही ही बाजू आहे. इस्ट्रोजेन कमी झालं की कातडी पातळ होते आणि उंदरीणीत तरी तिथल्या नसा जास्त दाट होतात हे दिसलंय. त्यावर तिथेच लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजेन क्रीम असतं, गायनॅककडे लाजू नका, विचारा. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर तेही आधी सांगा.)

बरं, परत तुझ्याकडे. स्वीडनमध्येच गोथेनबर्गला १९८० च्या दशकात १९ वर्षांच्या मुलींना पाळीच्या दुखण्याबद्दल विचारलं होतं, ७२ टक्के जणींनी दुखतं म्हणून सांगितलं. त्याच मुलींना पाच वर्षांनी परत विचारलं, आकडा ६७ वर आला होता, आणि मधल्या काळात ज्यांना मूल झालं होतं त्यांचं दुखणं कमी झालेलं दिसलं, ज्यांचा गर्भपात झाला होता किंवा ज्या गरोदर राहिल्याच नव्हत्या त्यांच्यात तसा फरक नव्हता. आजीला अजून एक मार्क.

पण या सगळ्यातून तुझ्या घरच्या डॉक्टरांनी जो निष्कर्ष काढला ना, तो मला पटत नाही, आणि खरं सांगते थोडा रागही आला. काही जणींचं दुखणं मूल झाल्यावर कमी होतं, इथपर्यंत ठीक. म्हणून मूल हे दुखण्याचं औषध, हे कुठून आलं? पाऊस पडला की धूळ बसते, म्हणून घर झाडायच्या ऐवजी कोणी पावसाची वाट बघत बसतं का?

मुळात तुला दुखतं कशामुळे हेच अजून कोणी बघितलेलं नाही. बऱ्याच मुलींत कारण साधं असतं: पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन उतरतं, गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, गर्भाशय इतकं आवळतं की त्याचा स्वतःचा रक्तपुरवठा तुटक होतो, पायात गोळा आल्यावर होतं तसं. गर्भाशयातून निघणाऱ्या नसा मणक्यात जिथे पोचतात साधारण तिथेच कंबर आणि मांड्यांच्या वरच्या भागातल्या नसाही येतात, मेंदूचा गोंधळ होतो आणि तुला कंबर-मांड्या भरून आल्यासारख्या वाटतात. प्रोस्टाग्लँडिन रक्तात उतरलं की उलट्या, जुलाब, चक्कर. हे सगळं तुझ्या पत्रात आहे.

पण दुसरी शक्यता एंडोमेट्रिओसिसची, आणि ती कोणी बोललेलं दिसत नाही. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा भाग बाहेर, ओटीपोटात कुठेकुठे रुजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना हे असतं, आणि निदान व्हायला वर्षंच्या वर्षं जातात. गंमत बघ (गंमत कसली म्हणा), इथे तोच नसांचा खेळ उलटा चालतो: ही रुजलेली बेटं इस्ट्रोजेनवर वाढतात, स्वतःच एनजीएफ तयार करतात आणि नव्या नसा आपल्याकडे ओढून घेतात. म्हणून बेट लहान असूनही दुखणं मोठं असू शकतं. आणि पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे हे नाही असं अजिबात होत नाही, लहान बेटं त्यात दिसतच नाहीत.

आता असं धर की तुला हेच आहे. तर यात काही जणींना दिवस राहायलाच त्रास होतो. म्हणजे ज्या मुलीला मूल होणं अवघड जाऊ शकतं तिला सांगायचं की मूल हेच तुझं औषध, मग दर महिन्याला दुखतंही आणि वर "अजून काही नाही का" हा प्रश्नही. शिवाय यात संबंधाच्या वेळी दुखू शकतं, तेव्हा लग्नाने त्रास वाढायचीच शक्यता. युरोपातल्या ईएसएचआरई या प्रजनन-वंध्यत्वाच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलंय की निव्वळ एंडोमेट्रिओसिसचा इलाज म्हणून कोणालाही गरोदर राहायचा सल्ला देऊ नये. हे वाक्य घरच्या डॉक्टरांना सांगायला हरकत नाही, नम्रपणे.

आणि उलटी बाजूही आहेच. माझ्या मोठ्या जावेला लग्नाआधी पाळी कधी आली कधी गेली कळायचं नाही, दोन मुलं झाल्यावर छत्तिसाव्या वर्षी दुखायला लागलं, अडेनोमायोसिस निघाला, म्हणजे अस्तरासारखा भाग गर्भाशयाच्या भिंतीतच रुजलेला. तो मुलं झालेल्या बायकांतच जास्त सापडतो. तिला कोणी सांगायचं, अजून एक होऊ दे?

आईचं दुखणं तू झाल्यावर थांबलं, मान्य. पण तेव्हा तिचं वयही वाढलं होतं, आणि वयानेही हे दुखणं बऱ्याच जणींत उतरतं. नक्की कशाने थांबलं ते तिलाही सांगता येणार नाही, आणि ते तुझ्या बाबतीत होईल याची हमी तर कोणीच देऊ शकत नाही.

नसाच कमी करायच्या तर तो उद्योगही लोकांनी करून झालाय बरं का. फ्रान्समध्ये लियोंचे सर्जन गास्तों कॉट १९२० च्या दशकात पाळीच्या दुखण्यासाठी मणक्यासमोरून गर्भाशयाकडे जाणारा नसांचा जुडगा कापायचे. काही जणींना फरक पडायचाही, पण बद्धकोष्ठ, लघवीच्या तक्रारी मागे लागायच्या. आता ते ऑपरेशन क्वचित, निवडक केसेसमध्ये होतं. सांगितलं एवढ्यासाठी की नस हा शब्द ऐकून कोणी काही कापायचं सुचवलं तर घाई करू नकोस.

मग करायचं काय. तीन पाळ्यांची डायरी ठेव, मोबाईलमध्ये चालेल. कोणत्या दिवशी किती दुखलं, दहापैकी आकडा टाक, गोळी कधी घेतली, उतरलं की नाही, आणि मुख्य म्हणजे पाळी नसताना दुखतं का, शौचाला किंवा लघवीला जाताना दुखतं का, दरवर्षी वाढत चाललंय का. शेवटच्या तीनपैकी एकाला जरी 'हो' असेल तर तीन महिनेही थांबू नकोस. ताप, अचानक वेगळ्याच जागी दुखणं, पाळी चुकल्यावर दुखणं, हे तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता दुखणं थांबवायच्या गोळीचं. मुली काय करतात, असह्य होईपर्यंत थांबतात आणि मग घेतात, वर म्हणतात गोळीने काही होत नाही. ही औषधं प्रोस्टाग्लँडिन बनायचं थांबवतात, बनून बसलेलं पुसत नाहीत. त्यामुळे दुखायला सुरुवात होतानाच, पाळी नियमित असेल तर आदल्या दिवशीपासून, काहीतरी खाऊन, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसने दोन-तीन दिवस वेळेवर घ्यायची. अ‍ॅसिडिटीचा अल्सर, किडनीचा त्रास, दमा असेल तर आधी सांग. आपल्याकडे मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी घराघरात चण्या-फुटाण्यासारखी खातात, पण २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने तिच्याबद्दल सावधानतेची सूचना काढली होती, क्वचित कोणाला त्यातून गंभीर अ‍ॅलर्जी होते. अंगावर पुरळ आणि ताप आला तर गोळी बंद आणि लगेच दवाखाना. शेकायची पिशवी चांगली, ती कमी लेखू नकोस. ओव्याचं पाणी बरं वाटत असेल तर घे. टेन्स नावाचं छोटं मशीन मिळतं, पोटावर किंवा कमरेवर चिकटवून हलका करंट देतं आणि नसांना दुसरीकडे गुंतवतं, काही जणींना उपयोग होतो.

एवढं करून दोन-तीन महिन्यांत फरक नाही तर गायनॅककडे जा, आणि "एंडोमेट्रिओसिस असू शकेल का" हे शब्द स्वतः उच्चार. तपासणीची भीती वाटत असेल तर सांगता येतं, आतून तपासणी नको म्हणायचा हक्क तुला आहे, पोटावरून सोनोग्राफी किंवा गरज पडली तर एमआरआय होतो, आणि दुर्बिणीतून बघितल्याशिवाय औषध सुरूच करता येत नाही असंही आता राहिलेलं नाही.

आणि हॉर्मोनच्या गोळ्या. आता परत आजीच्या मुद्द्यावर येऊ, बाळंतपण जे काही करतं त्याच्या मुळाशी हॉर्मोनच आहे ना? मग तोच हॉर्मोन बाळाशिवाय थोडा वळवता येतो की. कॉम्बिनेशन पिल्सने (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं हॉर्मोन एकत्र असलेल्या गोळ्या) किंवा डायनोजेस्टने (नुसतं प्रोजेस्टेरॉनसारखं हॉर्मोन) अस्तर पातळ राहतं, प्रोस्टाग्लँडिन कमी बनतं, दुखणं उतरतं. या गोळ्यांनी नसा झडतात असं मी म्हणत नाहीये, रस्ता वेगळा आहे, पण आराम खरा आहे. "गोळ्या घेतल्या तर पुढे मूल होत नाही" हे मात्र तू खुशाल थोतांड म्हण, बंद केल्या की क्षमता परत येते. सुरुवातीला मधेच डाग पडणं, मळमळ, मूड जाणं असे त्रास होऊ शकतात. डोळ्यापुढे चमकून येणारं मायग्रेन, बीपी, घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या, हे असेल तर कॉम्बिनेशनवाली गोळी चालत नाही किंवा डॉक्टरांना विचार करूनच द्यावी लागते, म्हणून मैत्रिणीची स्ट्रिप उचलून सुरू करू नकोस.

सहन करत राहणं हा पर्याय माझ्या यादीत नाही. दर महिन्याला तोच मार बसत राहिला की मणका आणि मेंदू त्या दुखण्याला सरावतात, पण चुकीच्या अर्थाने, आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढतो आणि मग थोड्याशानेही जास्त दुखायला लागतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींच्या आयांनी हे वाचत असाल तर "सगळ्यांचंच दुखतं" म्हणून शाळेचा दिवस बुडवू देऊ नका, आत्ताच दाखवा.

स्थळाचं मी काही सांगणार नाही. मुलगा आवडला, बोलणं जुळलं, लग्न करावंसं वाटलं तर कर, दोन वर्षं थांबायचं तर थांब. फक्त होकार देताना पोटदुखी त्या हिशोबात धरू नकोस, आणि लग्न ठरलंच तर त्या मुलाला हे सगळं आधी सांग, तो कसा ऐकतो तेवढं बघ.

राहिली आत्या. तिच्याशी वाद घालू नकोस, ती काळजीनेच बोलतेय. तिला सांग, तुझं बरोबर आहे, बाळंतपणात नसांचं काहीतरी होतं, पुस्तकातपण आहे, पण आधी मला गायनॅकला दाखवायचंय आणि तूच सोबत चल. रोज फोन करायला वेळ आहे म्हणजे येईलच. दोन्ही सोनोग्राफीच्या फाइली तिच्याच पिशवीत दे.